पेलाभर पाणी

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी गावी होते. रात्रभर लागलेली झड सकाळी नऊच्या सुमारास जराशी उघडली होती, अंगणातल्या चिखलावर कोंबड्यांच्या पायांचे ताजे ठसे उमटत होते आणि मी ओसरीवर चहा घेत बसले होते. तेवढ्यात बोडीखालच्या वस्तीतली आजी डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन फाटकातून आत आली. तिच्या हातात स्टीलचा पेला होता आणि त्यावर तिने दुसरा तळवा झाकणासारखा धरला होता. पायरीपाशी थांबून तिने तो माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "पोरी, तुझी नजर चांगली हाय. पाह्य बरं, हे पानी गढूळ हाय का निवळ?" वस्तीतल्या नळाला खराब पाणी येत असेल आणि त्याची तक्रार घेऊन ती आली असेल, असे मला वाटले. पाणी उकळून प्यायला हवे, असे काहीतरी मी सांगितले. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग ती अंगणाच्या कडेला उजेडात गेली, पेला डोळ्यांच्या रेषेत धरून तिने तो हळूहळू फिरवला, तळाशी काही बसते आहे का हे पाहिले आणि स्वतःशीच म्हणाली, "निवळच हाय." पाणी तिने तुळशीपाशी ओतले, जाता जाता पेला ओसरीच्या कठड्यावर ठेवला, बहुधा हात धरून उतरण्यासाठी, आणि तो तिथेच विसरून ती निघून गेली.

ते पाणी आमच्या बोडीच्या पारीतून पाझरलेले होते, हे मला चुलतभावाने संध्याकाळी सांगितले. गेली दोन वर्षे पावसाळ्यात ती आठवड्यातून दोनदा तरी पारीच्या पायथ्याशी जाते, जिथे ओल आली आहे तिथले पाणी पेल्यात धरते आणि पाहते. त्याने हे सहज सांगितले, म्हातारीची एक सवय म्हणून सांगावे तसे. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्या बोडीच्या सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत आणि त्यांत एक नाव माझे आहे. आजीचे नाव त्यावर कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोडीवर गेले. कित्येक वर्षांनी पाणी भरलेले असताना गेले, कारण एरवी माझे जाणे दिवाळीत किंवा उन्हाळ्यात होते. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना बोडी म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की उतारावरच्या पाण्याला तीन बाजूंनी मातीची पार घालून अडवलेला, एखाद्या कुटुंबाच्या मालकीचा छोटा तलाव. आमची पार मधोमध सुमारे तीन मीटर उंच आहे आणि लांबी दीडशे मीटरांच्या आतबाहेर भरेल. पाणी काठोकाठ होते. पाणकणसांच्या बेटात पाणकोंबड्या ओरडत होत्या, बेशरमाची जांभळट फुले काठाने दाटली होती, आणि ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा, माशांचा असा एकत्र वास येत होता, जो मला डोळे मिटूनही ओळखता आला असता. मन भरून आले होते. त्याच वेळी पारीच्या पलीकडच्या उतारावर, अगदी पायथ्याशी, सतरंजीएवढ्या जागेत गवत बाकीच्यापेक्षा गर्द हिरवे दिसत होते. तिथे पाऊल टाकले तेव्हा ते घोट्यापर्यंत रुतले. पाऊल काढल्यावर झालेल्या खळग्यात पाणी हळूहळू चढत आले आणि एका बाजूने करंगळीएवढ्या धारेने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाहू लागले.

माझे आजोबा, आबाजी, पारीवर नेहमी अनवाणी चालत. तेव्हा मला ते चपला जपण्यासाठी असावे असे वाटे. ओल डोळ्यांना दिसण्याआधी तळपायाला कळते, हे त्यांनी मला एकदा सांगितले होते आणि मी ते विसरूनही गेले होते. पावसाळ्यात रोज सकाळी, दात घासून झाले की हातात काठी घेऊन ते निघत आणि मी त्यांच्यामागे. जाताना पारीच्या माथ्यावरून जायचे आणि येताना पायथ्याने यायचे, हा क्रम कधी बदलत नसे. माथ्यावर ते भेगा पाहत. लांबीच्या दिशेने गेलेली भेग दिसली की ते उकिडवे बसत आणि तिच्यात काडी घालून ती किती खोल जाते ते पाहत, कारण अशी भेग म्हणजे पारीचा एखादा भाग खाली घसरायच्या बेतात असल्याची खूण असू शकते. पाण्याच्या बाजूला त्यांचे लक्ष खेकड्यांच्या बिळांकडे असे. बिळाच्या तोंडाशी मातीच्या ताज्या गोळ्या असल्या तर आत वस्ती आहे. काठीने खोली पाहायची, आत चिकणमाती ढकलत जायचे आणि काठीच्याच बुडाने ती ठोकत बाहेर यायचे. नुसते तोंड बुजवले तर आतली पोकळी तशीच राहते, म्हणून ते काम ते कोणा गड्यावर सोपवत नसत. घुशीची बिळे, उधईची वारुळे, सगळ्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. आणि पायथ्याने परतताना जिथे कुठे पाझर असेल तिथे ओंजळ धरून ते पाणी पाहत.

मातीच्या पारीतून थोडे पाणी पाझरतेच. पाझरच नसलेली पार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. पाणी निवळ आहे तोवर ते फक्त पाणी आहे. ते गढूळ झाले, म्हणजे आतली माती घेऊन ते बाहेर येऊ लागले आहे, आत कुठेतरी एक नळी तयार होते आहे आणि ती नळी उलट्या दिशेने, पायथ्याकडून पाण्याकडे, वाढत चालली आहे. ती पाण्यापर्यंत पोहोचली की मग काही तासांचा अवधी उरतो, कधी तेवढाही नसतो. पाझर दिसला की लोक घाईने तिथेच माती लोटून तो बुजवायला धावतात, त्याचा त्यांना फार राग येई. खालून कोंडलेले पाणी आतल्या आत जोर धरते आणि दुसरीकडे तोंड काढते. ते पाझराच्या जागी आधी नाल्याची स्वच्छ वाळू पसरत, तिच्यावर बारीक गिट्टी, गिट्टीवर मोठे दगड. "पानी जाऊ द्या, माती नका जाऊ देऊ," एवढे एकच वाक्य ते गड्यांना सांगत. पुढे अभियांत्रिकीच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हेच तत्त्व सांगितले तेव्हा त्याला गाळणथर असे नाव होते आणि वाळूचा कण मातीच्या कणाच्या किती पट असावा याची सूत्रे होती. आबाजींना सूत्रे ठाऊक नव्हती, पण क्रम तोच होता.

तिवऱ्याचे धरण फुटले ती २ जुलै २०१९ ची रात्र होती. चिपळूण तालुक्यातल्या त्या वस्तीतली वीसेक माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, हे दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वाहिन्यांवर येत होते. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान मंत्र्यांच्या तोंडून आले आणि राज्यभर त्याची टर उडवली गेली. माझ्या कार्यालयातही जेवणाच्या सुट्टीत लोक हसत होते. मला हसू आले नाही आणि मी का हसत नाही हे नीट सांगताही आले नाही. खेकडा मातीची पार पोखरतो, हे मी लहानपणी रोज पाहिले होते. पण खेकड्याचे बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. त्याला ऋतूमागून ऋतू मिळावे लागतात, रोज कुणी त्या वाटेने न जाण्याची सोय मिळावी लागते. खेकडा कारण म्हणून खरा असू शकतो, पण त्याच्या पाठीमागे कोण न आलेले असते हा प्रश्न त्या हसण्यात बुडून गेला. आज मला वाटते की तो प्रश्न तेव्हाच मी स्वतःला विचारायला हवा होता, कारण त्या वर्षीही आमच्या पारीवर कुणी जात नव्हते.

आबाजी २००८ साली गेले.

आमच्या भागात पाणी साठवण्याची विद्या जुनी आहे. कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेले शेकडो वर्षांपूर्वीचे तलाव आजही भरतात. नवेगावबांधचे नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. मोठे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे होते. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा ते सरकारजमा झाले. त्यांना आपण अजूनही मामा तलाव म्हणतो, 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे जोडून, आणि पूर्व विदर्भात त्यांची संख्या हजारांत आहे. त्यांची देखभाल आता कोणाकडे, किती हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद आणि त्यापुढे कोण, याचे निदान कागदोपत्री उत्तर आहे. बोड्या मात्र शेतकऱ्यांच्याच राहिल्या. मालकी टिकली याचा तेव्हा आमच्या घरात आनंद झाला असणार. त्या मालकीचे पुढच्या दोन पिढ्यांत काय होईल, हे कुणाच्या मनात आले नसेल. आबाजींना चार मुले, दोन मुली. त्यांची मुले भिलाईत, नागपुरात, पुण्यात. एक चुलता वारला, त्याच्या वारसांचा फेरफार अजून झालेला नाही. मला माझ्या लग्नानंतर हक्कसोड पत्रावर सही कर असे दोनदा सुचवले गेले होते आणि मी ती केली नाही. हट्टाने केली नाही. त्या घरावर आणि त्या पाण्यावर माझाही हक्क आहे, असे मी तेव्हा मोठ्या तडफेने म्हणाले होते. हक्क राखला, आणि पंधरा वर्षांत पारीवर एकदाही पावसाळ्यात पाऊल टाकले नाही.

बोडीला कुणी वाईट चिंतले नव्हते. जे केले ते प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाने केले होते, आणि हेच मला अजून सलते. पूर्वी पारीवरून बैलगाडी जाऊ देत नसत. नंतर धान आणायला ट्रॅक्टर जवळची वाट म्हणून माथ्यावरून जाऊ लागला आणि मधला वीसेक हातांचा भाग दबून जवळजवळ फूटभर खाली गेला. पार सगळीकडे तीन मीटर उंच असून उपयोग नसतो. तिची उंची म्हणजे तिच्या सगळ्यात खोलगट जागेची उंची, कारण पाणी तिथूनच ओलांडणार आणि एकदा ओलांडले की मागचा उतार कुरतडत नेणार. दुष्काळी वर्षी शेवटच्या पाण्याला धान वाळू नये म्हणून भावाने सलंगात, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या दगडी वाटेत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून दोन थर लावले. त्या वर्षी पीक वाचले. पोती तिथेच राहिली, त्यांच्यावर गवत उगवले आणि ती सलंगाचाच भाग वाटू लागली. मग त्याने मत्स्यबीज सोडले. कतला, रोहू वाहून जाऊ नयेत म्हणून सलंगाच्या तोंडावर नायलॉनची जाळी ताणली. पावसाळ्यात त्या जाळीवर पालापाचोळा, पाणकणसे, बेशरमाच्या फांद्या अडकत गेल्या आणि पाण्याची वाट अर्ध्याने बुजली.

जाळीचे वाचताना मला परदेशातली एक गोष्ट भेटली आणि ती काही केल्या मनातून जात नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. मुळात कालव्यासाठी बांधलेले ते धरण पुढे धनिकांच्या एका क्लबाच्या मालकीचे झाले, शिकार आणि मासेमारीच्या हौसेसाठी. त्यांच्या घोडागाड्यांना रुंद रस्ता मिळावा म्हणून धरणाचा माथा थोडा उतरवला गेला. तळाचे पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून नेले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. आणि सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावण्यात आल्या. ३१ मे १८८९ रोजी मोठ्या पावसात त्या जाळ्यांवर कचरा दाटला, पाणी माथ्यावरून गेले, आणि खाली जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे मेली. आमची बोडी त्या धरणापुढे काहीच नाही. पण दबलेला माथा, अडवलेला सांडवा आणि माशांची जाळी हे तिन्ही शब्द मी एका पानावर वाचले तेव्हा माझे हात गार पडले.

पाझराचे कारण आणखी वेगळे होते. तीन उन्हाळ्यांपूर्वी बोडी कोरडी पडल्यावर गाळ काढायचे ठरले. गाळ शेतात टाकायला चांगला, बोडीची खोली वाढणार, आणि शेजारच्या गावांत सगळीकडे तेच काम चालले होते. फोनवर मीही आनंदाने होकार दिला होता. जेसीबी दोन दिवस चालला. पारीसाठी माती जवळच हवी म्हणून आतल्या बाजूने पारीच्या अगदी पायथ्यापाशी पाच-सहा फूट खोल खणले गेले. वर्षानुवर्षे साठलेल्या ज्या चिकट थराने बोडीचा तळ लिंपून निघाला होता, तो थर तिथेच फाटला आणि खालचा मुरूम उघडा पडला. त्याच पावसाळ्यात पलीकडे हिरवे गवत उगवले. गाळ काढणे चूक नव्हते. पारीपासून निदान दोन-तीन कासरे लांब राहायला हवे होते, आणि हे सांगणारा माणूस त्या दिवशी तिथे उभा असायला हवा होता. चौदा मालकांपैकी त्या दोन दिवसांत बोडीवर कुणीही नव्हते. चालकाने त्याला सांगितले तेवढे केले.

पारीखाली आता अकरा घरे आहेत. मी लहान होते तेव्हा तिथे बांध्या होत्या आणि त्यांच्या कडेने नाला. मग वाटण्या झाल्या, घरकुले मंजूर झाली, जागा मिळेल तिथे माणसे आली. ज्या दिवशी पार बांधली त्या दिवशी ती फुटली असती तर धानाचे नुकसान झाले असते. आज तीच पार, तेवढीच उंच, पण तिच्याखाली पाळणे टांगलेले आहेत. मी एका रात्री हिशेब केला. भरल्या बोडीचे पाणी एक हेक्टरभर पसरते आणि सरासरी खोली एक मीटर वीस सेंटिमीटर धरली, तर ते १२,००० घनमीटर होते, म्हणजे एक कोटी वीस लाख लिटर, वजनाने १२,००० टन. सर्वांत जवळचे घर पारीच्या पायथ्यापासून साठ पावलांवर आहे. ते आजीचे.

देशात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला, ही फार उशिरा झालेली पण चांगली गोष्ट आहे. तो लागू होतो पंधरा मीटरांहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या अशा धरणांना ज्यांची लांबी, साठा किंवा पुराचा विसर्ग ठरावीक मर्यादेच्या वर आहे. आमची तीन मीटरांची पार त्याच्या जाळ्यात कुठेच येत नाही आणि कोणताही कायदा गावोगावच्या प्रत्येक बोडीवर अभियंता पाठवू शकणार नाही हे मलाही समजते. पण पाणी उंचीची अट वाचून फुटत नाही. केनियात सोलाई नावाच्या ठिकाणी ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी शेतमळ्यावरचे मातीचे धरण संततधार पावसात फुटले आणि खालच्या वस्तीतली चाळीसहून अधिक माणसे गेली. शेताला पाणी मिळावे म्हणून एका मालकाने अडवलेले पाणी होते ते. त्या पाण्यावर त्या माणसांचा काही हक्क नव्हता, आणि तरी ते पाणी शेवटी त्यांच्याकडे आले.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा मी विषय काढला. भिलाईच्या भावाने सरळ सांगितले की बोडी मोडून टाकू, बांध्या करू, कटकट संपेल. आजूबाजूला कित्येकांनी तेच केले आहे. मला ते ऐकून आधी संताप आला, मग मी दोन दिवस त्याचा विचार केला, कारण त्याच्या बोलण्यात तथ्य होते. सांभाळता येत नसेल तर पार रीतसर फोडून, नाल्याला वाट देऊन, पाणी अडवणेच थांबवणे हे तिला बेवारस ठेवण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. बोडी हवी आणि तिच्यावर चालायला कुणी नको, हे मात्र चालणार नाही. शेवटी गावातल्या भावाने तोंड उघडले. साडेसात एकर धानाला सप्टेंबर-ऑक्टोबरात, लोंबी भरायच्या वेळी, जे दोन-तीन वेळचे पाणी लागते ते ही बोडी देते, आणि ते मिळाले नाही तर तो शेती करणार नाही, असे तो म्हणाला. एवढे बोलून तो उठून गाईला चारा घालायला गेला. बोडी ठेवायची ठरली. सह्या मात्र अकराच मिळाल्या, उरलेल्यांचे फोनवरचे होकार आहेत.

वैशाखात काम झाले. मी सुट्टी घेऊन पूर्ण बारा दिवस तिथे होते आणि माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या दिवसांबद्दल मला असे समाधान आहे. अभियांत्रिकीचे ते निवृत्त शिक्षक दोनदा येऊन गेले. आतल्या बाजूचा खड्डा काळ्या चिकणमातीने भरला, वीत-वीतभर थर टाकून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून. तीन माणसे दिवसभर धुमस घालत आणि तो दबका, ठाय लयीतला आवाज दुपारच्या उन्हात वस्तीपर्यंत जाई. पायथ्याला वाळू, गिट्टी, दगड असा थर बसवला आणि त्यातून येणारे पाणी एका नळीतून बाहेर काढले, म्हणजे लिटरची बाटली किती वेळात भरते ते मोजता यावे. माथ्याचा खोलगट भाग उचलला आणि दोन्ही टोकांना दगड रोवून ट्रॅक्टरची वाट बंद केली. सलंगातली पोती काढताना ती हातात येण्याआधीच फाटत होती. तुडुमाच्या, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या तोंडाच्या, जागी पंचवीस वर्षांपूर्वी घातलेला सिमेंटचा पाइप उकरून पुन्हा बसवायला हवा होता, कारण अशा पाइपाच्या बाहेरच्या अंगाने, माती नीट न दाबलेल्या फटीतून, पाणी हमखास वाट काढते. त्याला पैसे पुरले नाहीत. ते काम राहिले आहे आणि पावसाचा आवाज आला की मला तो पाइप आठवतो.

मोहाचे झाडही राहिले आहे. पारीच्या बाहेरच्या उतारावर ते उभे आहे, माझ्या दोन कवेत मावत नाही, आणि चैत्रात पहाटे त्याच्याखाली टपटपणाऱ्या फुलांचा गोड, आंबूस वास मला आईच्या पदराइतका ओळखीचा आहे. पारीवर झाड नको, हे लहान रोप असतानाच पाळायचे पथ्य. आता ते तोडले तर जाड मुळे आत कुजतील आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतील. ठेवले आणि एखाद्या वादळात ते मुळासकट उलथले, तर पारीचा लचका घेऊन जाईल. बाभळी, पळस, बेशरम सगळे उपटले, पण त्याच्यापाशी येऊन सगळ्यांचे हात थांबले. शिक्षकांनी बराच वेळ खोडावर हात ठेवून विचार केला आणि तूर्त राहू द्या, वरचे ओझे कमी करा, आणि बुंध्याभोवती ओल येते का ते पाहत जा, असे सांगितले. फांद्या छाटताना मी तिथे थांबले नाही.

पाहणार कोण, हा प्रश्न तरीही होताच. भाऊ आता रोज जातो, निदान या वर्षी गेला. आणि आजीची नात, जी आठवीत आहे, ती एका वहीत लिहिते: तारीख, रंगवलेल्या खांबावर पाणी कोणत्या रेघेशी, बाटली भरायला किती सेकंद, पाणी निवळ की गढूळ. या कामाचे तिला आम्ही महिन्याला पैसे देतो. तिने पहिल्या महिन्यात ते घेताना आजीकडे पाहिले होते. दर रविवारी ती वहीच्या पानाचा फोटो मला पाठवते. ऑगस्टमधल्या एका नोंदीत निवळ हा शब्द खोडून पुन्हा निवळ असेच लिहिले होते, आणि मी अर्धा तास तिला फोन लावत राहिले. वीज गेल्याने फोन बंद होता. अक्षर नीट आले नाही म्हणून खोडले, असे तिने नंतर सांगितले.

तो पेला वर्षभर माझ्याकडे नागपुरात होता. विसरलेला म्हणून बॅगेत टाकला आणि तसाच आला. एकदा घासताना कडेखाली कोरलेली बारीक अक्षरे बोटांना लागली. आबाजींचे नाव होते, पुढे स्मरणार्थ, आणि साल. त्यांच्या तेरवीला आम्ही गावात असे पेले वाटले होते. नाव कोरायची ती यादी माझ्याच हातची होती आणि किती घरांत पेले द्यायचे ते मीच मोजले होते, हेही त्या वेळी आठवले. बोडीखालच्या वस्तीत तेव्हा चार घरे होती.

या पोळ्याला तो परत द्यायला गेले तेव्हा आजी दाराशी बसून लसूण सोलत होती. तिने पेला घेतला, आतून पाहिला, चुलीजवळच्या फळीवर पालथा घातला. मग मला विचारले, सलंगावरची जाळी काढली का? काढली, मी सांगितले, भावाने कालच काढली, मी स्वतः पाहिली. ती हो म्हणाली, लसणाची साले पदरातून झटकली आणि नातीला हाक मारून पारीवर जाऊन पाहून यायला पाठवले.